एकशे नवव्या वर्षीचा रोखा

वेल्समधल्या आमच्या चॅपलात प्रॉसरबुवा प्रवचनाला महिन्यातून एकदाच येतात. आधी साधं बोलणं असतं, मग आवाज हळूच चढतो, शब्दांना सूर लागतो आणि शेवटी म्हातारा चक्क गाऊ लागतो. वेल्शमध्ये त्याला 'हुईल' म्हणतात. देवाने मला कान दिले ते त्या दहा मिनिटांसाठी, असं मी मानते.

दोन हजार बावीसच्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी माझ्या पुढच्या बाकावर गोरॉन्वीची चुळबुळ चालली होती. दुधाचा टँकर चालवणारा थोराड गडी, गाण्यात सगळ्यांत खालचा सूर त्याचा. पण आज स्तोत्रांच्या पुस्तकाआड फोन धरून बसलेला.

"सारखं काय बघतोस?" त्याची बायको ऐर्लिस कुजबुजली.

"भाव."

"अरे, रविवार आहे. बाजार बंद. शुक्रवारचाच आकडा आहे तो."

"तरी पण."

त्याची तळमळ गावाला ठाऊक होती. गुडघे गेलेले, म्हणून नाताळनंतर टँकर सोडायचा आणि कॅरव्हॅन, म्हणजे फिरतं घर, घेऊन हिंडायचं असं ठरलं होतं. त्यासाठी पेन्शनखात्यातले पैसे त्याने सरकारी रोख्यांत घातले होते. महागाई वाढली की रक्कमही वाढते, असे रोखे. "जोखीम नाही, झोप शांत," असं सांगत हिंडायचा. आता महागाई पेटलेली, पण व्याजदरही चढलेले, म्हणून रोख्यांचे भाव पडून खात्यातला आकडा मात्र खाली खाली. उद्या बाजार उघडताच सगळं विकायचं आणि टँकर आणखी तीन वर्षं हाकायचा, असा त्याने हट्ट धरला होता.

बुवा बोलत होते तेवढ्यात तो उठू लागला. ऐर्लिसने कोट धरून त्याला खाली ओढलं.

"बस! अजून गायलेसुद्धा नाहीत ते."

मग बुवा गायले. माझे डोळे भरून आले. गोरॉन्वीचा पाय मात्र हलतच होता.

नंतर मागच्या खोलीत चहा झाला. मनुकांच्या पावाचा तुकडा हातात तसाच धरून तो पुन्हा फोनकडे वळला, तेव्हा ऐर्लिसने फोनच काढून घेतला.

"रोख्यांच्या नावांपुढे ही सालं कसली?"

"त्या साली सरकार पैसे परत देतं. महागाई धरून."

"मधे भाव कितीही पडला तरी?"

"विकलं नाही तर... हो."

"चोवीस, सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस. हे पैसे तर आपल्याला लागतील तेव्हाच येतायत की! आणि हे काय? दोन हजार अडुसष्ट?"

गोरॉन्वीने कान खाजवला. "जितकं लांबचं तितकं पक्कं, असं वाटलं. सरकार काय पळून जातंय?"

"सरकार नाही, तू जाशील! एकशे नऊ वर्षांचा होशील तेव्हा. पैसे आणायला मी जाऊ काठी टेकत?"

सगळी खोली हसली. बुवांनी कप खाली ठेवला. "तुझ्या अंत्यविधीला मी गाणार होतो, बाबा. आता माझाच बेत बदलावा लागणार."

ऐर्लिस हसली नाही. एकेक ओळ बोटाने खाली सरकवत होती. "पडलंय ते हेच, सगळ्यांत लांबचं. बाकीचे जेमतेम हललेत. तू नुसती बेरीज बघत बसलास, माठ्या."

त्याने फोन घेतला. पुन्हा पाहिलं. पुन्हा.

"अडुसष्टपर्यंत थांबणार कोण? म्हणजे हा तोटा खराच."

"खराच. कॅरव्हॅन गेली. पण तुझे गुडघे राहतील."

सोमवारी सकाळी एका गोठ्यासमोर टँकर उभा करून त्याने अडुसष्टचा तेवढा रोखा घेतल्या किमतीच्या निम्म्याहून कमी भावात विकला आणि बायकोला फोन केला. "विकला."

"बाकीचे?"

"येऊ देत मुदतीला."

"आणि नोकरी सोडायची नोटीस?"

त्याने दूध ओढणारा पंप चालू केला.

"दुपारी देतो. तू फोन ठेव आधी, नाहीतर पुन्हा विचार बदलेल माझा."

जानेवारीत बुवा आले तेव्हा गोरॉन्वी बाकावर होता. टँकर सुटलेला, फोन घरी ठेवलेला. पाय तसाच हलत होता आणि ऐर्लिसने त्याच्या गुडघ्यावर आपला हात दाबून धरला होता.