विषय नंतर भरू

“ही हजेरी आहे, सर. संमती नाही.”

निशिगंधाने फाईलमधला कागद फिरवून दीपकसरांसमोर सरकवला. बावीस बायकांच्या सह्या. कुणाची सही ओळीखाली घसरते, कुणाची शेजारच्या रकान्यात घुसते, हे तिला पाठ होतं. वर विषयाच्या जागी मात्र ताजी छापील ओळ होती: ‘मासळी वाळवण्याच्या ओट्याची जागा पर्यटन सुविधेसाठी स्वेच्छेने परत देणेबाबत.’

“सह्या बायकांच्याच आहेत ना?” दीपकसर म्हणाले.

“त्यांच्याच. पण पॅकिंगच्या ट्रेनिंगला घेतलेल्या. विषयाची जागा मी कोरी सोडली होती.”

“मग झालं तर. कोरी तू सोडलीस.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी बायकांचे बचत गट बांधणाऱ्या रत्नागिरीच्या या संस्थेत दोघं एकदमच लागली होती. तेव्हा दीपक एस.टी.ने वाड्यावाड्यांत फिरायचा, बायकांच्या पडवीत बसून तांदळाची भाकरी खायचा. आता तो जिल्हा व्यवस्थापक होता आणि ती समन्वयकच राहिली होती, दर अकरा महिन्यांनी कंत्राटाची नवी ऑर्डर घेणारी.

“गाड्या लावायला जागा नाही तिथे. फूड प्लाझा होतोय. मोठी योजना आहे, निशिगंधा. एका ओट्यासाठी अडणार नाही ती.”

“मग बायकांना जाऊन विचारा.”

“विचारलं तर त्या नाही म्हणतील,” दीपकसर म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

*

बंदरवाडी केळशीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. घरातले पुरुष कुवेतला, मस्कतला, नाहीतर बोटीवर. निशिगंधा मूळची संगमेश्वरकडची, डोंगरातली. समुद्राशी तिचा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. पहिले आठ महिने वाडीत तिला कुणी दार उघडलं नव्हतं. आतूनच आवाज यायचा, “घरात कोण नाय!” शेवटी खुर्शीदचाचीने उघडलं, तेही वैतागून.

“काय गो, रोज येत्येस? तुला घरदार हाय का नाय?”

त्या दिवशी निशिगंधा तिच्या अंगणात दुपारपर्यंत बसली. वाडीतल्या बायका किनाऱ्याच्या पुळणीवरच बारीक कोळंबीसारखा जवळा वाळायला पसरायच्या. त्यात वाळू जायची, कुत्री तोंड घालायची आणि व्यापारी नाक मुरडून पडेल भावात माल उचलायचा. जमिनीपासून उंच सिमेंटचा ओटा हवा, वर जाळी हवी, एवढी साधी गोष्ट होती. त्याला चार वर्षं लागली. जागेचा ठराव, मोजणी, मंजुरी. निशिगंधाने स्कूटीचे दोन टायर त्या रस्त्यावर झिजवले. ओटा झाला आणि बंदरवाडीची सुकट पुण्याच्या दुकानात जायला लागली. पाकिटावर गटाचं नाव होतं. साठीला आलेली खुर्शीदचाची ते पाकीट येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

आणि या सगळ्यात कागद लागायचे. प्रत्येक बैठकीला हजेरी, प्रत्येक हजेरीला विषय. बायकांना स्वयंपाकाची घाई, निशिगंधाला पुढच्या वाडीची. मग ती म्हणायची, “तुम्ही सह्या करा, विषय नंतर भरू.” इतकी वर्षं ती भरतही आली होती. आपणच भरू, दुसरं कोण भरणार, असं तिला वाटायचं.

*

शनिवारी ती बंदरवाडीला गेली. ओट्यावर पंधरासोळा बायका होत्या. तिने कागदाची झेरॉक्स खुर्शीदचाचीच्या सुनेच्या, निदाच्या हातात दिली. निदा बारावी झालेली. गटाची सचिव तीच. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकवलं.

बायका आधी हसल्या. त्यांना वाटलं, काहीतरी चूक झालीय, मॅडम ती दुरुस्त करायला आल्यात.

“ह्यो कागद कुणी आणलान?” खुर्शीदचाचीने विचारलं.

“मीच, चाची. ट्रेनिंगला आणला होता. वरची ओळ मागाहून छापली.”

“कुणी?”

“आमच्या ऑफिसने.”

“म्हंजे तुमीच.”

निशिगंधाने मान खाली घातली. ‘तू’चं ‘तुमी’ झालेलं तिला ऐकू आलं.

निदा म्हणाली, “मॅडम, बँकेच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं तुम्हीच आम्हाला बजावलंत. तुमच्या कागदावर आम्ही कधी वाचलं नाही. वाचायला काही नसायचंच त्यावर.”

“माझी चूक आहे. मी तसं लिहून देते.”

“लिवून काय व्हायचा?” मागून कुणीतरी म्हणालं. “आमचा ओटा ऱ्हाईल?”

“माहीत नाही,” निशिगंधा म्हणाली. अकरा वर्षांत हे उत्तर तिने वाडीत पहिल्यांदाच दिलं असेल.

तिथेच ओट्याच्या कडेवर बसून तिने दीड पान लिहिलं. सह्या कुठल्या दिवशी, कशासाठी घेतल्या. विषयाची जागा स्वतः कोरी ठेवली. बायकांनी जागा सोडायला कधीही होकार दिलेला नाही. खाली स्वतःची सही, तारीख. निदाने ते वाचून दाखवलं. त्या दिवशी निघताना तिला चहाही कुणी विचारला नाही.

*

अर्ज तिने रत्नागिरीला नेऊन सगळ्या संबंधित कार्यालयांत दिला, पोच घेतली. संध्याकाळी दीपकसरांचा फोन आला.

“मागे घे ते. तुझ्या चांगल्यासाठी सांगतोय.”

“खोटं आहे का त्यात काही?”

“खरं आहे म्हणूनच सांगतोय. तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंयस की तू कोऱ्या कागदावर सह्या घ्यायचीस. वरच्यांना दुसरं काय हवंय?”

तसंच झालं. चौकशी लागली, पण ती ओळ कुणी छापली याची नव्हे. समन्वयकाने नियमबाह्य सह्या घेतल्या याची. संस्थेने खेद व्यक्त केला. पुढच्या ऑर्डरींच्या यादीत निशिगंधाचं नाव आलं नाही. कुणी तिला काढून टाकलं नाही, फक्त नाव आलं नाही. सानवी नावाची नवी मुलगी तिच्या जागी लागली. तिला कामाची पद्धत निशिगंधानेच शिकवली होती. सानवीने बंदरवाडीत जाऊन रीतसर, विषय लिहिलेल्या कागदावर नव्याने संमती घेतली. प्लाझात गाळे मिळतील, असं सांगितलं होतं. बावीसपैकी तेरा जणींनी सह्या केल्या. तेवढ्या पुरेशा होत्या.

गाळे पुढे लिलावात गेले. ओटा एका सकाळी पाडला. निदाने निशिगंधाला फोटो पाठवला. खाली एक शब्दही नव्हता.

*

जानेवारीत निशिगंधा पुन्हा बंदरवाडीला गेली. आता ती देवरुखात एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती, आणि त्या दिवशी रजा टाकून आली होती. स्कूटी विकली होती म्हणून एस.टी.ने. तिने कुणाला कळवलं नव्हतं, आणि कशाला आलोय हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

ओट्याच्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवले होते. गणपतीपुळ्याहून वर आलेल्या पर्यटकांच्या चार गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या पलीकडे, खाडी वळते तिथल्या अरुंद पुळणीवर, जुनी साडी अंथरून खुर्शीदचाचीने जवळा पसरला होता. ती एकटीच होती. सह्या केलेल्या आणि न केलेल्या बायका आता एकत्र बसत नव्हत्या.

निशिगंधा जवळ जाऊन उभी राहिली. चाचीने वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा हात चालू केले. जवळ्यातले शिंपले, खेकड्याची पिल्लं, शेवाळाचे धागे ती एकेक करून बाजूला टाकत होती.

“चाची, बसू?”

चाचीने आणखी दोन शिंपले वेचून बाजूला टाकले.

“बस,” ती म्हणाली. “पण बोलू नको.”

निशिगंधाने चपला काढल्या आणि समोर बसली. चाचीने जवळ्याचा एक वाटा हाताने ओढून तिच्यापुढे केला. ऊन डोक्यावर आलं. पाणी हळूहळू वर चढत होतं. दोघी मान खाली घालून आपापल्या बाजूचं निवडत राहिल्या.