माझ्या ओटीतला सरवा

आमच्या बैलगाडीच्या जुवाला चांदी चढली त्या वर्षी माझ्या डोक्यात जो राग शिरला, तो पुरता असा अजूनही उतरलेला नाही.

सातासमुद्रापलीकडे कुठे गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या तेल्हाऱ्याकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. लढाई कशापायी, कुणाची कुणाशी, हे गावात एकालाही ठाऊक नव्हते. पण ती मिटू नये म्हणून आमचे घरचे दर शनिवारी मारुतीला नारळ फोडायचे. आमचे घरचे म्हणजे गावचे पाटील. त्यांचे नाव मी घेत नाही. गाव त्यांना खुशालराव म्हणते आणि मला पाटलीनबाई. पार्वता या माझ्या नावाने हाक मारणारे तेव्हा माहेरीही कुणी उरले नव्हते.

तर चांदी. आधी जुवाला, मग बैलांच्या शिंगांना, मग हुक्क्याच्या नळीला. ज्या माणसाने लग्नात एका पागोट्यावर दोन भाऊ निभावून नेले होते, तो आता पाणी प्यायलासुद्धा चांदीचा गडवा मागायचा. मला हसू यायचे. पण माझी पाळी आली तेव्हा हसू पळाले. तोवर मी वावरात जात होते, निंदण करत होते, पेरणीला तिफनीमागे चालत सरकी टाकत होते. एके दिवशी फर्मान निघाले, की पाटलाची बायको वावरात दिसली तर इज्जत जाते. झाले! माझे हात घरात बसले. अमरावतीला कुणाकडे लग्न असले, की मला पाटल्या, पुतळ्यांची माळ, तोडे घालून गाडीत बसवायचे. परत आले, की सगळे उतरवून पेटीत. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. बैलांच्या शिंगांवरची चांदी तरी रात्री शिंगांवरच राहायची.

माझ्या जागी तिफनीमागे मनकर्णा चालू लागली. मनकर्णा माझ्याच वयाची, नवरा पटकीच्या साथीत गेलेला, घरात आंधळी सासू. बाई हाडाची कडक. आमच्या वावरातले सगळे तिच्या हातचे होते, पेरणीपासून वेचणीपर्यंत. पण वेचणी संपली की उन्हाळाभर गावात बाईला काम नसते. तो उन्हाळा निघायचा सरव्यावर.

शेवटचा वेचा झाला, की मालक वावराकडे पाठ फिरवतो. मग कपाशीच्या झाडावर, पऱ्हाटीवर उरलेले, किडके, पिवळे पडलेले, कुंपणाच्या काट्यांना अडकलेले जे काही असेल, ते गावातल्या गोरगरीब बायांचे. तोच सरवा. तो कुणी देत नव्हते आणि कुणी मागतही नव्हते. वारा जसा येतो तसा तो यायचा. मनकर्णा त्याचे सूत कातून बाळापूरच्या मोमीन विणकराला द्यायची आणि ज्वारी भरायची. तेजी आली तसा सरव्यालाही भाव आला. एका उन्हाळ्यात तिच्या हातांत चांदीचे गोट दिसले. जन्मात पहिल्यांदा. मी विहिरीवर ते हातात घेऊन पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मला हेवा वाटला.

त्या दिवाळीनंतर आमचे घरचे अमरावतीच्या कापूसबाजारातून आले ते नवे ज्ञान घेऊन. तिथल्या कुणा दलालाने त्यांना सांगितले होते, की वावरात बोंड सोडणे म्हणजे खिशाला भोक पाडणे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेचणाऱ्या बायांना आमच्या ओसरीसमोर बोलावले. मी दाराआड उभी होते.

"सरवा गरिबाचा," ते म्हणाले. "माह्या बापानं चालवला, मी बी चालवीन. पन गरीब कोन, थे पाहा लागन. जिच्या अंगावर चांदी, थे गरीब नाई. तिनं सरव्याले यायचं नाई."

बायांनी एकमेकींच्या हातापायांकडे पाहिले. तेजीच्या त्या वर्षांत चांदीचा वाळा नाही तर साखळी नाही अशी बाई गावात शोधावी लागली असती. त्यांनी ते बरोबर हेरले होते. मनकर्णा पुढे आली. तिने गोट लपवले नाहीत.

"पाटील, चांदी दिसते तुमाले. ज्वारी काहून दिसत नाई? समद्यांनी कापूसच पेरला. ज्वारी हाये कोठी? आधी जेवढ्यात महिना निंघे, तेवढ्यात आता आठ दिस निंघत नाई."

"मंग गोट मोड."

"मोडतो. मोडून हा उन्हाळा काढतो. मंग पुढच्या साली मी तुमच्या हिशोबानं गरीब. तवा देसान सरवा?"

बाया फसकन हसल्या. दाराआड मीही. आमच्या घरच्यांचा चेहरा लाल झाला. "तवाचं तवा पाहू," ते म्हणाले आणि आत आले.

सरवा गेला म्हणजे मनकर्णेचा उन्हाळा गेला, आणि उन्हाळा गेला म्हणजे गाव गेले, हे तिला कळत होते आणि मलाही. अकोल्याच्या अलीकडे तेव्हा आगगाडीच्या सडकेचे काम चालले होते; मुरूम टाकायला बाया आत्ताच हव्या होत्या; वेचणीनंतर गेले तर जागा उरली नसती. तिसऱ्या दिवशी मनकर्णेने झोपडीचे दार बांधले, सासूचा हात धरला आणि निघाली. तिच्यामागे बाकीच्या बायाही निघाल्या. सासू वाटेत सारखी विचारत होती, "मनकर्णे, घराकडं कवा येऊ वं?" आमच्या दारावरून जाताना मनकर्णेने वर पाहिले. मी नजर खाली घातली.

इकडे वावर पांढरे फटफटीत झाले. बोंडे उकलून कापूस लोंबायला लागला. ढग आले असते तर सगळे काळे पडले असते. आमचे घरचे रोज बांधावर जाऊन आभाळाकडे बघत. शेवटी चांदीच्या जुवाची गाडी पातूरकडे धाडली आणि तिकडून वेचणाऱ्या बाया आणवल्या. त्यांची म्होरकी जयवंता म्हणून, उंच, पिकल्या केसांची.

पहिल्या वेच्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. वावराच्या कोपऱ्यात एका पऱ्हाटीखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, दहीभात शिंपायचा आणि पहिल्या बोंडाचा कापूस काढून त्याच झाडाला टांगायचा. त्याशिवाय कुणी बाई वावरात हात घालत नाही. आणि तो पहिला कापूस काढायचा तिनेच, जिने त्या वावरात सरकी पेरली. हे काही पोथीत लिहिलेले नाही; बायांना बायांनी सांगितलेले आहे. म्हणूनच पुरुषांच्या ध्यानात राहत नाही.

आमच्या घरच्यांच्या तर मुळीच राहिले नाही. त्यांनी मला सगळे दागिने चढवले, चांदीच्या वाडग्यात दहीभात दिला आणि गाडीतून वावरात नेले. किती दिवसांनी मातीला पाय लागले! पऱ्हाटीचा तो वास आला आणि वाटले, पदर खोचावा आणि सुटावे. खडे मांडले, कुंकू वाहिले, दहीभात शिंपला. बोंडाला हात लावणार, तोच जयवंताने विचारले,

"पाटलीनबाई, पेरलं तुमीच ना?"

साधा प्रश्न. तिला मनकर्णा ठाऊक नव्हती, ओसरीवरचे बोलणे ठाऊक नव्हते. मी हो म्हटले असते तर तिने मान हलवली असती, कापूस भरायला कमरेला ओट्या बांधल्या असत्या, आणि चार दिवसांत आमचा कापूस घरात. आमचे घरचे माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत हुकूम होता आणि, आता सांगायला हरकत नाही, विनवणीही होती. माझ्या अंगावर घरातले सगळे सोने होते. त्यातले एकही माझे नव्हते. हात तेवढा माझा होता.

तो मी मागे घेतला.

"नाई," मी म्हणाले. "मनकर्णेनं पेरलं. थे सडकेवर मुरूम टाकून राह्यली."

जयवंताने ओटीसाठी खांद्यावरून काढलेले फडके परत खांद्यावर टाकले. बाकीच्या बायांनीही टाकले.

आमचे घरचे ओरडले, "पाप लागन थे मले लागन! तुमी वेचा!"

"पाप तुमाले लागन, पाटील," जयवंता शांतपणे म्हणाली, "पन हात आमचे झडतीन. तिले आना. मंग आमी बी वेचू."

घरी येईस्तोवर ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर खूप बोलले. मी ऐकून घेतले. मग मीच म्हणाले, "रागवायचं थे रागवा, पन ढग येऊन राह्यले." ते खरेच होते, दक्षिणेकडे आभाळ मळले होते.

रात्रभरही न थांबता त्यांनी गाडी जुंपली. सडकेवर काय झाले ते मला नंतर मनकर्णेने सांगितले, आणि सांगताना ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. पाटील गाडीतून उतरले, मुरमाच्या ढिगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मनकर्णे, चाल. सीतादही अडलं हाये." भोवती सगळ्या बाया टोपल्या घेऊन उभ्या. मनकर्णेने डोक्यावरची टोपली उतरवली नाही.

"येतो. पन सरवा ज्याले वेचायचा थो वेचन. कोनाच्या हातात काय हाये, कोनाच्या पायात काय हाये, थे पाह्यचं नाई. कोनी गरिबी दाखवनार नाई अन् कोनी तपासनार नाई."

"बरं," ते म्हणाले.

"मोठ्यानं म्हना. मांगच्या बायाइले आयकू गेलं नाई."

त्यांनी मोठ्याने म्हटले.

ती गाडी गावात शिरली तेव्हा मी दारात होते. चांदीच्या जुवाचे बैल, गाडीत दाटीवाटीने बसलेल्या बाया, सगळ्यांत पुढे मांडी घालून मनकर्णेची आंधळी सासू, आणि गाडीत जागा उरली नाही म्हणून बाजूने पायी चालणारे पाटील! सासू हाताने जू चाचपत विचारत होती, "हे गार गार काय हाये वं?" सगळे गाव रस्त्यावर आले होते. मी लाज सोडून टाळ्या पिटल्या.

मनकर्णेने त्याच गोट घातलेल्या हाताने पहिला कापूस काढला. मग जयवंताच्या बाया आणि आमच्या बाया ओळीने वावरात उतरल्या. ढग आले तेव्हा कापूस घरात होता.

आणि सरव्याचा दिवस उजाडला. गावातल्या बाया जिच्याकडे जी चांदी असेल ती घालून आल्या. वाळे, साखळ्या, तोडे सगळे वाजत होते. माघातल्या त्या वाळक्या, करड्या वावरात एवढा थाट कधी कुणी पाहिला नसेल. मी ओसरीवरून बघत होते. पहाटेच आम्ही अमरावतीच्या एका लग्नाहून परतलो होतो; दागिने अजून माझ्या अंगावरच होते. आणि मग मी पदर खोचला.

"तू कोठी?" आमच्या घरच्यांनी विचारले.

"सरव्याले."

"येडी झाली का? तुले काय कमी हाये? लोक काय म्हनतीन, पाटलाची बायको गरीब हाये?"

"म्हनू द्या. कोनी तपासनार नाई, असं तुमीच मोठ्यानं बोलून आले."

मी वावरात पोचले तेव्हा बाया क्षणभर थांबल्या. मनकर्णेने मला खालपासून वरपर्यंत पाहिले, हसली आणि हाताने काटेरी कुंपण दाखवले, "त्या काटीकडं जाय वं पार्वता. तिकडं लई अडकून हाये."

पार्वता! ते ऐकून मला रडू आले. काटे लागले, बोटांतून रक्त आले, किडकी बोंडे, फाटका कापूस. दुपारपर्यंत माझी ओटी भरली.

घरी आले तर ते किल्ली घेऊन पेटीजवळ बसले होते. नेहमीसारखा हात पुढे केला. मी पाटल्या काढून दिल्या, माळ दिली, तोडे दिले. त्यांनी सगळे आत ठेवले. मग त्यांची नजर माझ्या ओटीकडे गेली, आणि सवयीने हात पुन्हा पुढे आला.

"हे नाई," मी म्हणाले. "हे माह्यं हाये."

हात तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पेटी बंद केली.