चुंबळीवरचा चेंडू

चुंबळीवर चेंडू अगदी नीट उभा होता. वारा होता, कुडव्याच्या मैदानावरची धूळ उडत होती, तरी तो हलत नव्हता, आणि कुशलला वाटलं होतं, बरी केली हिनं चुंबळ... निशानं, जुन्या हिरव्या साडीच्या पट्ट्या पिळून, बायका डोक्यावर पाण्याचा गुंड ठेवायला करतात तशी. रग्बीच्या चेंडूला दोन्हीकडून टोकं, तो सपाट जमिनीवर उभा राहत नाही. त्यासाठी प्लास्टिकची बैठक विकत मिळते, पण खेड्यातल्या शाळेला ती कोण देणार, म्हणून चुंबळ. धनेंद्र किक मारायला मागे सरकला होता, तळहात मांडीला पुसत होता. फलकावर बारा-दहा, आपण मागे. वेळ संपलेली, एवढी किक तेवढी बाकी. खांबांमधून गेली की दोन गुण, म्हणजे बारा-बारा... आणि तेवढ्यात टेबलाकडून चैतराम मैदानात चालत आला, कानाचा फोन काढून हातात धरून. समोरच्या संघाचा मास्तर असा किकच्या वेळी आत येत नसतो, हे याला कळत नाही का, म्हणून कुशल ओरडला, "अरे थांब ना, किक होऊ दे!"

चैतराम थांबला नाही.

निशा गेल्याचं कुशलला असं कळलं.

आता थंडी पडली आहे, धान कापून झालं आहे, आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आहे. त्यात क्रमवारी आहे. चौथा नंबर, त्यापुढे त्याच्या शाळेचं नाव. रात्री आली तेव्हा पाहिली होती, सकाळी उठल्यावर पाहिली, आता भाताला पाणी ठेवताना पुन्हा पाहतो आहे, जणू मधल्या वेळात ती बदलेल. भंडाऱ्याचे भोजराज सर विभागातल्या सगळ्या शाळांचे निकाल गोळा करून ही यादी लावतात. पहिल्या चार शाळा पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार. खाली त्यांनी लिहिलं आहे, कोणाची काही हरकत असेल तर आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवावी, मग यादी पक्की.

पाचव्या नंबरावर सालेकशाकडची शाळा आहे. तिथल्या धर्मेंद्र मास्तरची पोरं. कचारगडच्या बाजूच्या पाड्यांवरून येणारी, अनवाणी पळायची सवय असलेली... गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला असं पळवलं होतं की घरी येऊन दोन दिवस पोरं जिना चढताना कण्हत होती.

चौथे आपण आहोत ते त्या कुडव्याच्या सामन्यामुळे. तो सामना यादीत आपण जिंकलेला आहे.

आणि तो आपण जिंकलेला नाही.

भात उतू गेला. त्यानं झाकण काढलं, बोट भाजलं, पाण्याखाली धरलं. निशा असती तर म्हणाली असती, फोन पाह्यता का भात पाह्यता, एक काईतरी पाहा. ती या नंबरांची थट्टाच करायची. पपईसारखा चेंडू आन त्याच्यामागं हे एवढे घोडे. पण दर आठवड्याला विचारायचीही तीच, कितवे? सहावे, म्हटलं तर म्हणायची, उतरले का चढले? मागच्या वेळी किती होतात ते तिच्या बरोबर ध्यानात असायचं. दवाखान्यात तिला ताप उतरून दोन दिवस झाले होते, डॉक्टर सोमवारी सोडतो म्हणाले होते, आणि कुशल खुर्चीतून उठत नव्हता तेव्हा तिनंच विचारलं, "आज जिंकाल त कितवे होसाल?"

"चौथे. बहुतेक."

"मंग जा ना. इथं बसून काय माह्या तोंडाकडं पाहून राह्यले? मा आहे माह्याजवळ."

मग जा ना... चौथ्या नंबरासाठी तिनं पाठवलं होतं. आणि चौथा आला.

डबा घेऊन तो गाडीवरून शाळेत निघाला. बांधाच्या कडेनं रस्ता आहे. उजवीकडे नवेगावच्या तलावाचं पाणी, ओल्या जाळ्यांचा वास. हा वास निशाला आवडायचा नाही, ती पदर नाकाला लावून मागे बसायची... मागे वजन नसलं की गाडी खड्ड्यात उडते, हे त्याला अजून सवयीचं झालेलं नाही.

चैतराम निशाचा मामेभाऊ. फोन सासूबाईंनी त्यालाच केला होता. जावयाला अशी बातमी सासूनं सांगायची नसते, तिच्या माहेरच्या माणसानं सांगायची. ते बरोबर होतं. त्यापुढचं जे चैतरामनं केलं ते त्याला तेराव्या दिवशी कळलं, आणि तेव्हाही कळलं असं म्हणता येणार नाही. मांडवात लोक येत होते, हात जोडत होते, कोणी खांद्यावर शेला टाकत होतं, आणि चैतराम कानाशी येऊन म्हणाला होता, "भाऊजी, तो सामना मी तुमच्या नावानं लिवून देलो. आमी मैदान सोडलो मनून. पंचालेबी सांगतलो." कुशलनं मान हलवली होती. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर मान हलवत होता.

चैतरामला ते का सुचलं ते मात्र त्याला तेव्हाच समजलं होतं. दुसऱ्या कोणाला समजलं नसतं. त्यांच्या गावांमध्ये — कोहळ्यांच्या, तलाव बांधणाऱ्यांच्या गावांमध्ये — तलावाचं पाणी पाळीनं मिळतं, आणि ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या बांधीला, धानाच्या वाफ्याला, त्या हंगामात पाणी आधी सोडतात. ज्याची पाळी असेल तो आपली देतो. विचारावं लागत नाही, आभार मानायचे नसतात, नाही म्हणायचं नसतं. कुशलचा बाप पुनाराम पाणकर होता, पाणी वाटायचं काम त्याच्याकडे. खांद्यावर कुदळ टाकून तो नुसता त्या घराच्या बांधीवर जाऊन पाण्याचं तोंड फोडायचा आणि पाणी आत शिरताना बघत उभा राहायचा. तोंडानं काही बोलायचा नाही. तोच दुखवटा.

तसंच चैतरामनं केलं. आपली पाळी दिली.

पण बा... पाळी दिली की देणाऱ्याचं पाणी जातं. चैतरामचं काय गेलं? त्याची शाळा पहिली होती, पहिलीच राहिली. पाणी गेलं ते सालेकशाच्या बांधीतलं, आणि त्यांना ठाऊकही नाही की वर कोणी तोंड फोडलं.

हे मला कालच दिसलं का? की आधीपासून दिसत होतं आणि मी यादी येईपर्यंत थांबलो?

मैदानावर पोरांना यादीचं सांगावं लागलं नव्हतं. बांबूच्या खांबांशी घोळका, आणि त्याला पाहताच गलका.

"सर, पुण्याले कवा जाऊन राह्यलो आपन?"

"पुण्यात लय थंडी राह्यते मने. स्वेटर लागते."

"तुले कायले स्वेटर? तू त बेंचवर बसशीन, घोंगडं घेऊन ये."

हसले सगळे. त्यालाही हसू आलं, मग आपण हसलो याचीच धास्ती वाटली. धनेंद्र हसला नाही. तो बाजूला बुटाची नाडी बांधत होता, बांधलेली सोडून पुन्हा बांधत होता. त्या दिवसापासून त्यानं सामन्यात किक मारलेली नाही. पाय दुखते म्हणतो. दवाखान्यात नेलं तर पायाला काही नाही.

सराव सुरू झाला आणि खिशात फोन थरथरला. धर्मेंद्र. कळलं याला. कोणीतरी सांगितलं. तो खांबाला टेकला.

"हां, बोला सर."

"अभिनंदन सर, अभिनंदन! पाह्यलो मी लिस्ट. पोरायनं बी पाह्यली."

"हो..."

"आमचे थोडे रडले. मी मनलो, रोते काऊन बे, अगले साल जाऊ. दोघं-तिघं त यंदाच दहावीत आहेत, पन ठीक आहे, चालते." मग आवाज खाली करून, "सर, तुमच्या घरचं उशिरा कळलं. येता नाई आलं मले. माफ करजा."

"नाही, नाही, तसं काही..."

"तुमचे पोरं त्या हालतीत खेळले. मानलो आपन. नंबर असाच नाई भेटत."

फोन बंद झाला. धर्मेंद्रनं रागावून विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. त्या हालतीत खेळले... नाही खेळले, धर्मेंद्र. चैतराम चालत आला, मी खाली बसलो, आणि पोरं जिथे होती तिथेच उभी राहिली. चेंडू चुंबळीवर. कोणीतरी माझं डोकं धरलं होतं आणि मी त्या चेंडूकडेच बघत होतो, तो पडत कसा नाही म्हणून.

दुपारी स्टाफरूममध्ये कोणी नसताना त्यानं चैतरामला फोन लावला.

"चैतराम, तो सामना आपण काही जिंकलो नव्हतो."

पलीकडून, "भाऊजी, आता कायले खोदून काढता?"

"आज पाचपर्यंत सांगायचं आहे."

"मंग नका सांगू. तुमाले कोनी विचारलं का? देल्लं वापस करत्येत का कोनी? तुमचे बाबा होते पानकर, तुमाले मी सांगू?"

"तू तुझं दिलं असतं तर घेतलं असतं. ते सालेकशाचं आहे."

"मले काय मालूम होतं बापा, त्यायचं जाईन मनून?" चैतरामचा आवाज फाटला. "माही बहीन गेली तवा मी यादी पाहत बसू का? माह्या हातात एवढंच होतं, मी एवढंच देलो."

मग चैतराम हळू म्हणाला, "काय सांगाल त्यायले? हरलो मनून सांगाल? त्या दिवशीचं?"

हे त्यानं विचारलं आणि सकाळपासून काय अडलं होतं ते कुशलला एकदम दिसलं. हरलो म्हणून सांगायचं. त्या तारखेपुढे. जगात त्या तारखेची एकच चांगली गोष्ट लिहिलेली आहे, भोजराज सरांच्या यादीत, जिंकले म्हणून. आणि ती आपणच फोन करून पुसायची. म्हणजे तिनं पाठवलं, मी गेलो, तिच्याजवळ नव्हतो, आणि वर हरलोही. चौथा राहू दिला तर निदान... निदान काय? निदान ज्यासाठी गेलो ते आणलं. कोणाकडे आणलं? कितवे, असं विचारणारं घरात कोण आहे?

"ठेवतो," तो म्हणाला.

शाळा सुटली. तो मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसला. फोन मांडीवर, भोजराज सरांचं नाव वर. पोरं घरी गेली होती, धनेंद्र गेला नव्हता. दप्तरातून त्यानं काहीतरी काढलं आणि जवळ येऊन कट्ट्यावर ठेवलं. हिरवी चुंबळ. कुडव्याची लाल माती अजून पिळांमध्ये बसलेली.

"तुझ्याजवळ होती होय?"

"त्या दिवशी मीच उचल्लो सर. चेंडू कोनी दुसऱ्यानं नेला. हे राह्यली होती."

"धुतली नाहीस."

"नाई." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "सर, ती किक गेली असती का?"

तिरकस कोन होता. वारा उजवीकडून. या पोराचा पाय असा की सरावात दहातल्या पाच जायच्या. कुशल हे सगळं मनात मोजत होता आणि त्याला दिसलं की आपण किती दिवसांनी हे मोजतो आहोत... रोज रात्री डोळ्यांपुढे तो चेंडू येतो, पण तो जाईल की नाही याचा विचार आपण एकदाही केला नाही. उलट तो तिथेच उभा असावा, एवढंच हवं होतं. तो उभा आहे तोवर चैतराम टेबलापासून निघालेला आहे, पोचलेला नाही. तोवर ती दवाखान्यात पडल्या पडल्या मोजते आहे, आज जिंकले तर कितवे. जिंकले लिहा की हरले लिहा, सामना संपतो. मला तो संपायला नको होता. म्हणून मी मांडवात मान हलवली, म्हणून काल रात्री गप्प राहिलो... पाचवा नंबर येईल याची नव्हती ती भीती.

"माहीत नाही रे," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

धनेंद्रनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मलेबी नाई मालूम," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर कसलातरी ताण सैल झाल्यासारखा दिसला. "सगळे मनतात जिंकलो. मी तर मारलोच नाई."

म्हणजे हरलो नाही. जिंकलोही नाही. एवढं सरळ आहे. हे एका वाक्यात सांगता येतं — सर, तो सामना अपुरा राहिला. मग चौथे कोण ते समितीनं ठरवावं, पोरांनी मला शिव्या द्याव्यात, चैतरामनं बोलणं टाकावं. ही नवी धास्ती आहे, पण हिला निदान चेहरे आहेत. त्यानं चुंबळ हातात घेतली. घट्ट पिळलेली होती, तिच्या हाताचा पीळ, कुठेच सुटला नव्हता.

उन्हं खांबांच्या मागे उतरली आहेत. पाच वाजायला थोडा अवकाश आहे. भोजराज सरांना फोन करायचा राहिला आहे. ती किक मारायची राहिली आहे.