रिआबाईंची वाळू

शरदातल्या कोवळ्या, तिरप्या उन्हात विटांवरून फिरणाऱ्या झाडूचा संथ खर्र खर्र नाद आधी कानी आला आणि मग रिआबाई दिसल्या. पांढऱ्याशुभ्र केसांवर ऊन सांडलेलं, अंगात निळा एप्रन, आणि लांब दांड्याचा राठ झाडू दोन्ही हातांनी धरून त्या अंगणातल्या विटांवर वाळू पसरत होत्या, पसरलेली वाळू मायेने फटीफटींत लोटत होत्या. मी बघतच राहिले. जी गोष्ट जन्मभर आपण झाडून बाहेर काढली, ती ही बाई झाडून आत भरत होती! चिंचवडला माझ्या आईने हे पाहिलं असतं, तर "अगंबाई, हिला झालंय तरी काय!" म्हणत तिच्या हातातला झाडूच काढून घेतला असता.

आइंडहोवन या डच शहराला खेटून असलेल्या, बेस्ट नावाच्या गावातली ती जुनी, रुळलेली वसाहत. तांबड्या विटांची बुटकी घरं, पडदे न ओढलेल्या रुंद खिडक्या, कमरेइतकी कुंपणं आणि सावलीला सावली लावून उभे असलेले बीच जातीचे वृक्ष. ही हिरवाई मुळातली आहे, असंच कुणालाही वाटावं. पण इथली भूमी सगळी वालुकामय. रिआबाई नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा इथे झाड म्हणून नव्हतं, माळरान होतं आणि वाऱ्याबरोबर हिंडणारी वाळू होती. छोटंसं वाळवंटच म्हणा ना! सूप पितानासुद्धा दाताखाली वाळू करकरायची, असं त्या सांगत आणि सांगताना अजूनही तोंड वाकडं करत.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी, त्यांचं विकायला काढलेलं घर बघायला आलो तेव्हा, मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. आम्ही राहत होतो ते भाड्याचं घर मालकाला वसंतात परत हवं होतं. गावात दुसरं घर मिळालं नाही, तर कुठेतरी लांब जायचं आणि ईराची, आमच्या लेकीची, शाळा पुन्हा तोडायची, हे ठरल्यासारखंच होतं. आधीच एकदा गाव बदललं तेव्हा ती कित्येक महिने घुमी झाली होती. आत्ता कुठे मैत्रिणींच्या घरी सायकलवरून जायला लागली होती. मंदार, माझा नवरा, इंजिनीअर माणूस, सगळं शांत डोक्याने घेणारा. मी नाही तशी. एकेक घर आवडायचं, मनातल्या मनात मी तिथे देव्हारासुद्धा मांडायची आणि दुसऱ्याच कुणाची तरी वरचढ बोली आली की ते हातचं जायचं. मग रडायची.

इथे घर दाखवताना मालक सहसा थांबत नाहीत. मकेलार, म्हणजे घरांचा दलाल, येऊन दाखवतो. रिआबाई मात्र अंगणात ठाण मांडून होत्या. आम्ही आत हिंडून आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट ओट्यावर उतरत होतं, आणि ते बघितल्याबरोबर मला कळलं, हेच. भरल्या मनाने निघताना माझी जीभ घसरली. आपल्याकडे उंबऱ्यावरून कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. ते हाडीमाशी इतकं खिळलेलं, की नुकत्याच शिकू लागलेल्या डचमध्ये मी तेच शब्दाला शब्द लावून म्हणून टाकलं. "इक कोम, मेव्राव." येते हं, बाईसाहेब.

झाडू थांबला. निळे डोळे माझ्यावर रोखून त्यांनी विचारलं, "केव्हा?"

अहो, "येते" म्हणणाऱ्याला कुणी "केव्हा" विचारतं का! वारांची नावं वर्गात कालच घोकलेली, त्यातलं ऐनवेळी एकच आठवलं. म्हणाले, "गुरुवारी."

"बरं. कॉफी करून ठेवते," रिआबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाळू लोटू लागल्या.

मंदार सायकलचं कुलूप काढता काढता हसू दाबत होता. "आता जा. वार देऊन बसलीयस."

गेले. रव्याचे लाडू घेऊन गेले. टेबलावर दोन कप, फ्लाय, म्हणजे चेरी भरलेला इथला गोड केक, आणि खिडकीतून आत आलेला तो उन्हाचा पट्टा. त्यांनी लाडू हातात घेतला, उलटसुलट पाहिला, बोटांनी त्याचा कण चुरडला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वाळूचे आहेत का?" मी हसत सुटले, त्याही हसल्या, आणि त्या हसण्याच्या आधाराने मी मोडक्यातोडक्या डचमध्ये खुलासा केला, की गुरुवारचं ठरवून काही मी बोलले नव्हते, आमच्या भाषेत निघताना जाते म्हणणं अशुभ, म्हणून निघणारा येते म्हणतो, मग परत येवो न येवो.

रिआबाईंनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाल्या, "आम्ही हाउदू म्हणतो. स्वतःला जप, एवढंच. माझा नवरा टोन इस्पितळात निघाला, तेव्हा या दारातून मला शेवटचं हाउदू म्हणाला. जपतेय तेव्हापासून." थोड्या वेळाने त्यांनी मला आमचा येते हा शब्द पुन्हा म्हणायला लावला. "येटे," त्या म्हणाल्या. त चा ट झाला, पण शब्दाचा जीव शाबूत होता.

पुढच्याही गुरुवारी मी गेले. घर मिळावं म्हणून गेले का? खरं सांगायचं तर थोडं तसंही होतं. पण बरंचसं त्या उन्हासाठी आणि त्या हसण्यासाठी. मग एका संध्याकाळी मकेलारचा फोन आला. बुचकळ्यात पडल्यासारखा बोलत होता. वरच्या बोल्या होत्या म्हणे, पण मेव्राव ऐकायलाच तयार नाहीत. घर गुरुवारवाल्या बाईंना द्यायचं म्हणतात. फोन ठेवला आणि मी ईराला कवटाळून धाय मोकलून रडले. ती बिचारी डचमध्ये विचारत राहिली, आई, झालंय काय.

रिआबाई चर्चमागच्या वृद्धांच्या वसाहतीत एका खोलीत राहायला गेल्या. किल्ली माझ्या हातात ठेवून त्या दारात क्षणभर थांबल्या. शेजारीपाजारी जमले होते, सगळे हाउदूची वाट पाहत होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येटे." आणि मला हुंदका आवरेना.

शब्दाला जागल्या हो त्या. दर गुरुवारी आल्या. ज्या दारातून त्या उभं आयुष्य वावरल्या, त्या दाराची घंटा वाजवून, पाय पुसून, "आत येऊ ना?" असं विचारून यायच्या. माझ्या फोडणीने त्यांना ठसका लागायचा, देव्हाऱ्यापुढची समई त्या निरखून पाहायच्या, पण भिंतीचा रंग का बदलला म्हणून चकार शब्द कधी काढला नाही. वसंतात पिवळी फुलं आली की मोजल्यासारखी नजर फिरवायच्या. ग्रीष्मातल्या लांबलेल्या संधिप्रकाशात बाकावर बसून ईराला डच गोष्टी सांगायच्या. आणि पावसाने फटींतली वाळू वाहून गेली की झाडू मागायच्या. मला वाळू भरायला त्यांनीच शिकवलं. विटांखाली सिमेंट नसतं, नुसती वाळू असते. ती भरत राहिलं तर अंगण हलत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि झाडू माझ्या हाती दिला.

ईरा त्यांना ओमा रिआ म्हणायची. आजी म्हण, असं मी शिकवून पाहिलं. पण आमची ईरा म्हणजे मराठी सगळं समजणार आणि उत्तर डचमध्ये देणार! मी चिडायची. रिआबाई मात्र निघताना त्यांचं ते "येटे" तिच्याकडे पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या आणि ईरा खिदळत त्यांचा त सुधारायची.

गेल्या हिवाळ्यात, अंगणावर पांढरं दव गोठलेलं असताना, त्या गेल्या. झोपेतच.

निरोपाच्या दिवशी सगळं आळीतलं गणगोत जमलं. एकेक जण पुढे होई, शवपेटीवर हात ठेवी आणि म्हणे, "हाउदू, रिआ." माझी पाळी आली. आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरातून निघताना येते म्हणायचं नसतं. मुकाट्याने उठायचं, मागे न बघता बाहेर पडायचं. ज्या एका शब्दाने मला घर दिलं, तोच शब्द या एका ठिकाणी उच्चारायची मला मनाई होती. मी पेटीला नुसता हात लावला आणि मागे सरले.

तेवढ्यात ईरा पुढे झाली. तळहात पेटीवर टेकवून, त्या स्तब्ध सभागृहात सर्वांना ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते हं, ओमा."

माझ्या काळजात चर्र झालं. मंदारने माझा हात घट्ट धरला. तिला हा नियम मी कधी सांगितलाच नव्हता. आणि त्या क्षणी वाटलं, बरं झालं नाही सांगितला. त्या शांततेत मला त्यांचा तो प्रश्न अगदी स्पष्ट ऐकू आला. केव्हा?

गुरुवारी ईरा शाळेतून आली, दप्तर पायरीवर टाकलं आणि कुणी न सांगता झाडू घेऊन अंगणात गेली. मी ओट्याशी उभी होते. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि बाहेरून तो जुना, संथ खर्र खर्र नाद. काळ फटीफटींतून वाळू उपसत असतो, आपण ती भरत असतो. आणि येते म्हणून गेलेल्या माणसासाठी आठवड्यातला एक वार या घरात कायमचा राखलेला असतो.