लाल दोऱ्याची कड

मित्रांनो, मी एक जुनी सुती चादर आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. पांढऱ्या अंगावर निळे पट्टे मिरवत मी एका टेलरच्या घरात आले, तेव्हा चांगली पलंगभर होते. वर्षानुवर्षं धुण्याचे धपाटे खाऊन मधोमध विरले, पण अशी मऊ झाले की नव्या कापडाने हेवा करावा. मग त्या घरात बिट्टी जन्मली आणि टेलरने मला टेबलावर पसरून माझे सरळ दोन तुकडे केले.

एका तुकड्याला त्याने निळ्या दोऱ्याची सुबक कड घातली. तो बिट्टीच्या अंगावर गेला. झोप आली की त्याचा कोपरा तोंडात धरून चोखायची तिला खोडच लागली. दुसरा तुकडा म्हणजे मी. फरशी पुसायच्या चिंधीला कसली आलीय कड, असं म्हणून त्याने मला दोरे लोंबते ठेवूनच बादलीत टाकलं. माझा अगदी जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

घराची पुढची खोली म्हणजे टेलरचं दुकान. बिट्टीची आई उजाडायच्या आत बेकरीत कामाला जायची, म्हणून सकाळी पोरही त्याचं आणि फरशीही त्याचीच. गिऱ्हाइकं बुटांसकट आत यायची. बिट्टी रांगायला लागली आणि त्या बुटांच्या धुळीने त्याची झोप उडाली. तो बाजारातून फरशी पुसायच्या पिवळ्या औषधाची एक मोठी बाटली घेऊन आला. तिच्यावर लिंबाचं चित्र होतं आणि लिंबाशी तिचा संबंध तेवढाच होता.

कापडाच्या मापात सुताचा फरक खपवून न घेणारा हा माणूस, पण बाटली बादलीत उपडी करताना मात्र सगळा कारभार अंदाजपंचे. बाटलीवर एका झाकणाचं माप लिहिलेलं, पण हा पोरीच्या मायेने धो धो ओतायचा. वरच्या मजल्यावर त्याची मोठी बहीण राहायची, बिट्टीची आत्या. ती दारात उभी राहून नाक फुलवायची आणि आता कसं घर घरासारखं वाटतं म्हणायची. गिऱ्हाइकंही कौतुक करायची. ते कौतुक माझंच आहे असं समजून मी फुशारून जायचे. कड नसली म्हणून काय झालं, वास तर माझाच होता ना.

मग बिट्टीच्या गुडघ्यांवर आणि तळहातांवर लाल चट्टे उठले. रात्री ती खोकायची. टेलर घाबरला. गिऱ्हाइकांच्या बुटांतूनच काहीतरी घरात येतंय, असं त्याने पक्कं ठरवलं आणि फरशी दोनदा पुसायला लागला. पाण्याचा रंग आणखी पिवळा झाला. चट्टे वाढले तसा तो अधिकच ओतत गेला.

एके दिवशी माझी बहीण, म्हणजे ती निळ्या कडेची चादर, धुऊन दोरीवर वाळत होती. मी बादलीच्या काठावर ओलीचिंब लटकत होते. टेलर पाठमोरा बसून मशीन चालवत होता. बिट्टीच्या डोळ्यांवर झोप आली होती. ती तिची चादर शोधत रांगत आली, माझे निळे पट्टे तिने ओळखले आणि मला खाली ओढलं.

तिच्या अंगाचा तो ऊबदार वास मला किती दिवसांनी मिळाला होता. क्षणभर मी हरखून गेले. दुसऱ्याच क्षणी तिने माझा कोपरा तोंडात घातला.

मित्रांनो, चिंधीला ओरडता येत नाही. मला तिच्या जिभेवर पाझरण्यापासून स्वतःला थांबवताही येत नव्हतं. ती चोखत होती आणि मी तिच्या तोंडात उतरत होते.

मूल गप्प झालं की काहीतरी उद्योग चालू असतो, हे बापाला ठाऊक असतं. टेलरने मान वळवली. पट्ट्यांची चादर तोंडात धरून लेक पेंगतेय असं त्याला दिसलं आणि तो चक्क हसला. हसून पुन्हा शिवणीकडे वळला.

मशीन मधेच थांबलं. त्याला काय खटकलं ते मला ठाऊक आहे. बिट्टीच्या गालावर दोरे लोंबत होते. त्याने कड घातलेल्या चादरीला दोरे लोंबणं शक्यच नव्हतं.

त्याने मला तिच्या तोंडातून ओढलं तेव्हा तिचा ओठ सुजायला लागला होता आणि लाळेची धार लागली होती. रडणं ऐकून आत्या धावत आली आणि घशात बोट घालून उलटी काढ म्हणाली. त्याने आधी दवाखान्यात फोन लावला. उलटी मुळीच काढू नका, तोंड पाण्याने धुवा आणि बाटलीसकट लगेच या, असं तिथून सांगितलं. तो बाटली, मला आणि लेकीला घेऊन अनवाणीच पळाला.

डॉक्टरबाईंनी बिट्टीचं तोंड तपासलं. आत फोड आले होते, पण फरशीचं औषध पोटात फारसं गेलं नव्हतं. जिवावरचं थोडक्यात निभावलं होतं. मग त्यांनी तिचे पाय उलटेपालटे करून पाहिले.

"हे चट्टे फक्त अंग जमिनीला टेकतं तिथेच आहेत, बघितलंत का?" त्यांनी विचारलं. "फरशीला हे किती घालता?"

टेलरने बाटलीकडे पाहिलं, मग लेकीच्या गुडघ्यांकडे. त्याचा चेहरा माझ्यासारखाच पांढरा पडला.

"चट्टे आले म्हणून तर मी जास्त घालत होतो," तो म्हणाला.

दवाखान्याच्या टेबलावर पडल्या पडल्या मला माझ्या वासाची शिसारी आली.

केसांत पीठ तसंच घेऊन आई घरी आली. तिने आरडाओरडा केला नाही. बिट्टीला छातीशी धरून ती एवढंच म्हणाली, "रोज तू स्वतः पुसत होतास. म्हणून मी निर्धास्त होते." मार बसल्यासारखा टेलर खाली बसला.

आता त्या घरात बूट दाराबाहेर काढावे लागतात. फरशीला कोमट पाणी आणि जरासा साधा साबण, मग नुसतं पाणी. आत्या अजूनही नाक फुलवते आणि पुसलंय की नुसतं ओलं केलंय म्हणून विचारते. बिट्टीचे गुडघे मात्र हळूहळू लोण्यासारखे झाले आणि रात्रीचा खोकलाही गेला.

आई मला कचऱ्यात टाकणार होती, पण टेलरने टाकू दिलं नाही. ही नजरेसमोर राहू दे म्हणाला. त्याने मला उकळत्या पाण्यातून कितीदा तरी काढलं, वास पुरता जाईपर्यंत. मग मशीनवर घेऊन मला लाल दोऱ्याची कड घातली, पुन्हा कुणाची गफलत होऊ नये म्हणून. जन्मभर हवी होती ती कड अखेर मला मिळाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी चिंधी असेल. तिला तुम्ही काय पाजता ते एकदा बघा. आम्ही जे पितो तेच फरशीवर ठेवून जातो आणि फरशीवर कोण रांगतं हे तुम्हाला माहीत आहे.

आणि काम झालं की आम्हाला उंच टांगा, कारण साधा साबणही काही खायची वस्तू नाही. टेलरने माझ्यासाठी दाराच्या वर एक खिळा ठोकलाय. बिट्टी आता भिंतीला धरून उभी राहते. माझे निळे पट्टे दिसले की दोन्ही हात वर करून मला बोलावते. मला खाली उतरावंसं फार वाटतं. पण मी लाल कडेने तो खिळा घट्ट धरून ठेवते.