ताईंचे मिस्टर

मास्तरांनी दगड उचलला, बायकोच्या हातात दिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. समोरची भिंत वाकडी होती.

थोडीथोडकी वाकडी नव्हे. बुडाशी चांगली दोन हात रुंद, आणि कमरेपर्यंत येता येता निम्मी. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे अशा कलल्या होत्या की एकीला दुसरीच्या कानात काहीतरी सांगायचं असावं. अडतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला हे दिसू नये अशी अपेक्षा करणं चूक होतं, आणि दिसूनही त्याने गप्प राहावं म्हणणं हा तर छळ होता. पण अट म्हणजे अट.

अट ताईंनी घातली होती. ताई म्हणजे मास्तरांची बायको. गेली चार वर्षं दर रविवारी त्या सकाळच्या बसने या टेकडीपाशी येत. इथे पंधरा-वीस माणसं जमत, तळ्यातलं शेवाळ काढत, माजलेली झुडपं तोडत आणि काठावरची जुनी पडकी भिंत पुन्हा रचत. भिंत मेंढ्यांना पाण्यापासून लांब ठेवी. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. मधल्या फटींत बेडूक, सरडे आणि गोगलगायी पिढीजात हक्काने राहत.

मास्तर निवृत्त झाले आणि पहिल्याच रिकाम्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ तीन दिवस सापडलं नाही. पुढच्या रविवारी ते शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून आले. शेजाऱ्यांनी बोलावलं नव्हतं. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, की हा माणूस घरी ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा.

"तीन रविवार," त्या म्हणाल्या होत्या. "तीन रविवार तिथे कुणालाही शिकवायचं नाही. हे चुकलं, ते वाकडं, असं नको, तसं करा, काही म्हणजे काही नाही. जमलं तर कायमचे या. नाही जमलं तर घरी बसा आणि डबे लावा."

कुठला शब्द शिकवण्यात जमा होईल याचा भरवसा नसल्याने मास्तरांनी बोलणंच बंद ठेवलं. पहिले दोन रविवार सोपे गेले. शेवाळ कसंही ओढलं तरी शेवाळच राहतं; त्यात सुधारणेला वाव नव्हता. संध्याकाळी पाठ दुखे आणि ते नऊच्या ठोक्याला गाढ झोपत. या आठवड्यात तर त्यांनी बुधवारीच बूट पुसून दाराशी ठेवले होते. ताईंनी ते पाहिलं होतं.

आज तिसरा रविवार, आणि आज त्यांना भिंतीवर घेतलं होतं.

"मिस्टर, एक चपटा द्या बघू," पलीकडून दातांची डॉक्टर म्हणाली. फटींत कपच्या ठोकून बसवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. आठवडाभर तिचा तोच उद्योग. "ताई, तुमचे मिस्टर फारच अबोल हो! माझे पेशंट तोंडात यंत्र असताना याहून जास्त बोलतात."

"पहिल्यापासूनच आहेत तसे," ताई मान वर न करता म्हणाल्या.

मास्तरांनी चपटा दगड दिला. आयुष्यभर ताई 'मास्तरांची बायको' होत्या. इथे ते 'ताईंचे मिस्टर' होते. ही बढती की बदली, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

मिस्त्रींनी शिट्टी वाजवली. मिस्त्री म्हणजे इथल्या सगळ्यांना दगड लावायला शिकवणारे म्हातारे गवंडी. मंडळी हात झटकत झाडाखाली चहाला निघाली.

"येताय ना?" ताईंनी विचारलं.

मास्तरांनी बुटाकडे बोट दाखवलं. नाडी सुटली होती खरी. ती त्यांनीच सोडली होती.

सगळे गेल्यावर त्यांनी ती नाडी पूर्ण ओढून काढली, तिच्या टोकाला घराची किल्ली बांधली आणि भिंतीसमोर ओळंबा धरला. किल्ली पायथ्याच्या दगडाला टेकली तेव्हा वरचा दगड दोरीपासून वीतभर आत होता. एका मेंढीने अंग घासलं की संपलं! चार वर्षांचं काम, त्यातलं निम्मं बायकोच्या हातचं. सांगायची तर चोरी. पण हात लावू नका असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी वरचा एक दगड हळूच पुढे सरकवला. मग शेजारचा. तिसरा अगदी दोरीच्या रेषेत आला, क्षणभर तिथे थांबला, आणि मग सगळ्या नातेवाइकांना घेऊन खाली उतरला.

चहाला गेलेले धावत आले तेव्हा पाच हात भिंत गवतात पसरली होती. मास्तर हातात किल्ली लोंबकळत ठेवून एका मोकळ्या बुटात उभे होते. ढिगातून एक बेडूक बाहेर आला, जमलेल्या माणसांकडे त्याने एकवार पाहिलं आणि तो तळ्याच्या दिशेने निघून गेला.

मिस्त्री उकिडवे बसले.

"दोरी लावली होती?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"कललेली असते म्हणूनच उभी राहते, साहेब. दोन्ही बाजू एकमेकींवर रेलतात. सरळ केली की दोघी मोकळ्या." मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. "बेडूक वाचला ना? मग चहा गार करू नका." आणि ते बाकीच्यांना घेऊन झाडाकडे वळले. ताई तेवढ्या मागे राहिल्या.

मास्तरांनी हातमोजे काढले. एकावर एक ठेवून कडा जुळवल्या आणि ते उभ्या असलेल्या भिंतीवर ठेवले.

"पावणेबाराची बस आहे," ते म्हणाले. तिथे उच्चारलेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"अहो, पण विचारायचं तरी! ही अशी का, म्हणून."

"बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"शिकवायचं नाही असं ठरलं होतं. विचारू नका असं मी कधी म्हटलं?"

मास्तर एका दगडावर बसून बुटात नाडी ओवू लागले. एक भोक चुकलं. ते तसंच ठेवून पुढे ओवत राहिले.

"मला त्यातला फरक कळत नाही गं," ते म्हणाले. "वर्गात रोज शंभर प्रश्न विचारले. पण उत्तर मला माहीत नाही आणि तरी विचारलं, असं एकदाही झालं नाही."

ताई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. पदर खोचून शेजारच्या दगडावर बसल्या.

"घरीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"घरीसुद्धा नाही," मास्तरांनी कबूल केलं.

टेकडीखालून बस गेली. वळणावर तिने भोंगा वाजवला, तरी दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने ताई उठल्या. पसरलेल्या दगडांतले मोठे एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला असे लावू लागल्या. वाकून एक जड दगड हलवताना त्यांनी नुसतं मागे पाहिलं. मास्तरांनी हातमोजे चढवले आणि दुसरं टोक धरलं. पायथ्याची रांग लागली, तिच्यावर दुसरी. या खेपेला दोन्ही बाजू आत कलताना मास्तर बघत होते आणि जीभ दाताखाली धरत नव्हते.

मग त्यांच्या हातात एक दगड आला. धड तिकोनी नाही, धड चौकोनी नाही. एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला पोखरलेला. कुठल्याही पुस्तकात त्याला नाव नव्हतं. मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला, भिंतीकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"हा कुठे गं?"

ताईंनी तो घेतला. एका जागी लावून पाहिला, डुगडुगला. दुसऱ्या जागी बसेचना. त्यांनी तो परत मास्तरांच्या हातात दिला.

"मला तरी काय माहीत," त्या म्हणाल्या. "फिरवून बघा."

मास्तर फिरवून बघू लागले.