हेझलबाई पडल्या तो दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मिल लेनवरच्या शाळेसमोर, फुटपाथच्या अगदी कडेला मला बसवले आहे. आपली ओळख करून देताना अभिमान वाटावा, तसे माझे आता राहिले नाही. तरी घडले ते सांगतो.

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या खाणीतून मला काढले. हॅरल्ड नावाच्या पाथरवटाने छिन्नीने माझी कड सरळ केली, मला इथे बसवले आणि टाचेने दोनदा दाबून पाहिले. "हा काही हलायचा नाही," तो म्हणाला. मी केवढा फुगलो होतो!

नंतर जवळच्या कापडगिरणीतल्या बायकांचे लाकडी तळव्यांचे बूट कैक वर्षे माझ्यावरून खटखटत गेले. गिरणी बंद पडली, पण शाळा राहिली. मग हेझल मिजली आल्या. लांब दांड्यावरची 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन त्या मुलांना रस्ता ओलांडून देत. सव्वीस वर्षे त्या माझ्यावरच टाच रोवून उभ्या राहिल्या.

"अरे आल्फी, धावू नकोस! शाळा काही पळून जात नाही," असे म्हणत त्या गाड्या अडवायच्या.

हेझलबाई पडल्या त्याच्या दोन वर्षे आधी बिअरची पिंपे आणणारा ट्रक वळताना माझ्यावर चढला. माझ्याखालचा थर फुटला. पावसाचे पाणी आत शिरले, हिवाळ्यात ते गोठले, आणि माझे एक टोक दोन बोटे वर आले.

हे सगळ्यांना दिसत होते. समोरच्या बेकरीवाल्या नॉर्मन क्रॅबट्रींना तर रोज. "कौन्सिलला एकदा कळवायला हवं," ते गिऱ्हाइकांना म्हणत. कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. गिऱ्हाइके म्हणत, "कळवलं असेल की कोणीतरी." हेझलबाई मुलांना सांगत, "इथे जपून हं, या दगडाने दात वर काढलाय." मुले हसत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे होई.

नोव्हेंबरातली ओली सकाळ होती. हेझलबाई पाटी उंचावून रस्त्यात उतरू लागल्या आणि त्यांच्या बुटाचे टोक माझ्यात अडकले. त्या कमरेवर आपटल्या. पाटी घरंगळत दूर गेली. समोरून गाडी येत होती.

नॉर्मन एप्रनसकट धावले. "हलू नकोस गं, हेझल!"

"माझं राहू दे. आधी पोरांना मागे घे!" त्या ओरडल्या.

गाडी वेळेत थांबली. मुले वाचली. हेझलबाईंचे खुब्याचे हाड मात्र मोडले. माझ्यामुळे.

रुग्णवाहिका गेल्यावर नॉर्मन माझ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी कौन्सिलला फोन लावला. "शाळेसमोरचा कडेचा दगड वर आलाय. हो, आज एक बाई पडली... कधीपासून?" त्यांनी माझ्या वर आलेल्या टोकाकडे पाहिले. "दोन वर्षं." पलीकडून आणखी काही विचारले गेले. नॉर्मननी आवाज खाली आणला. "नाही. कोणीच कळवलं नाही. मीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या यास्मिन अख्तर आल्या. त्यांनी पट्टीने माझे टोक मोजले, माझ्याभोवती पिवळ्या रंगाची रेघ ओढली. "आमच्याकडे एकही तक्रार नव्हती हो," त्या म्हणाल्या. "तासाभराचं काम आहे हे."

खरोखरच तासाभरात मी सरळ झालो. एक तास! तो एक तास मला अजून टोचतो.

वसंतात हेझलबाई काठी टेकत आल्या. पाटी आता दुसऱ्या माणसाच्या हातात होती. नॉर्मन दुकानातून बाहेर आले.

"माफ कर, हेझल. रोज बघत होतो मी."

"तू निदान पलीकडून बघत होतास," हेझलबाई म्हणाल्या. "मी तर त्याच्यावरच उभी होते रे."

मग त्या मुलांच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या आणि नव्या माणसाने गाड्या अडवल्यावर हळूहळू पलीकडे गेल्या.

मित्रांनो, दगडाला फोन करता येत नाही. रस्त्यात उखडलेला, कललेला, फुटलेला माझा एखादा भाऊ दिसला, तर कोणीतरी कळवले असेल असे समजून पुढे जाऊ नका. रस्त्याचे नाव सांगा, खूण सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. कोणाला पाडण्याची लाज दगडाच्या वाट्याला येऊ देऊ नका, आणि तुमच्याही.